बीजिंगमध्ये नोकरी, हातात एक शनिवार: एकटीनं शिजियाझुआंगला जाऊन डॉ. कोटणीसांची समाधी कशी बघायची

सोलापूरहून बाहेरदेशी नोकरीला गेलेल्या आपल्या पोरापोरींचं एक ठरलेलं असतं बघा, शनिवार आला की कपडे धुवायचे, दुपारपर्यंत झोपायचं आणि संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावून "इथं काय नाही गं बघायला" म्हणायचं. मी बीजिंगला आल्यावर पहिले चार महिने हेच केलं. मग एकदा ग्रुप टूरच्या बसमध्ये बसून एका दिवसात पाच जागा केल्या, त्यातल्या दोन तर दुकानंच होती, आणि रात्री रूमवर येऊन फोटो बघत बसले तर कुठला फोटो कुठला तेच कळेना. त्या दिवशी ठरवलं की सुट्टीचा एक दिवस म्हणजे एक गाव आणि त्या गावात बघायची एक मुख्य गोष्ट. दुसरी जागा घ्यायचीच असेल तर ती त्याच मेट्रो लाइनवर असली पाहिजे, नाहीतर नको. आणि मुख्य गोष्ट अशी निवडायची की तिचा आपल्याशी काहीतरी धागा असेल, मग कितीही लहान असू दे. टॉप टेन लिस्टमध्ये नसली तरी चालतंय.

सोलापूरच्या माणसाला चीनमध्ये असा धागा शोधायला लांब जावंच लागत नाही. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस शिजियाझुआंगला आहेत, हेबेई प्रांताची राजधानी, बीजिंगपासून साधारण २८० किलोमीटर. म्हणजे आपलं सोलापूर ते पुणे धरा की, थोडं जास्तच. आपली हुतात्मा एक्स्प्रेस त्याला चार तास घेते, इथली बुलेट ट्रेन सव्वा ते दीड तासात सोडते. सकाळी जाऊन रात्री परत, मुक्कामाची गरज नाही, रजा टाकायची गरज नाही.

मी कशी गेले ते सांगते, त्यातच सगळं येईल.

पहिली पायरी सोलापुरातच आहे. अजून निघाला नसाल किंवा सुट्टीवर घरी आला असाल तर भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक आधी बघून घ्या. मी शाळेत असल्यापासून त्या भागातून जात होते, कधी आत गेले नव्हते, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. आत जाऊन फोटो बघितले की माणूस डोक्यात बसतो, मग तिकडं समाधीपुढं उभं राहिल्यावर नुसता दगड दिसत नाही. थोडक्यात एवढं तरी माहीत असू द्या: जन्म १० ऑक्टोबर १९१० सोलापूरचा, डॉक्टरकी मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, तेव्हा सुभाषबाबू अध्यक्ष होते. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचातले दोन महाराष्ट्रातून गेलेले. सप्टेंबरमध्ये बोटीनं कँटनला पोचले, कोटणीसांना तेव्हा २८ सुद्धा पूर्ण नव्हती. बाकीचे एकेक करून परत आले, हे राहिले. १९४१ मध्ये बेथ्यून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे डायरेक्टर झाले, तिथल्याच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला फिट्स येऊन गेले. वय ३२. मुलगा तेव्हा चार महिन्यांचा सुद्धा नव्हता.

मुलाचं नाव यिन्ह्वा. यिन् म्हणजे इंडिया, ह्वा म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपापल्या चिनी नावाच्या शेवटी हा ह्वा लावून घेतला होता, म्हणून कोटणीस तिकडं खअ दी-ह्वा. हे नाव पाठ करा, कारण शिजियाझुआंगमध्ये "कोटणीस" म्हटलं तर कुणाला कळत नाही आणि "खअ दी-ह्वा" म्हटलं की टॅक्सीवाला सुद्धा मान हलवतो. त्यापेक्षा चांगलं म्हणजे हे नाव, समाधी ज्या पार्कमध्ये आहे त्याचं नाव आणि "मी भारतीय आहे, मी मांस खात नाही" हे वाक्य चिनी अक्षरात मोठ्या टाइपात लिहून स्क्रीनशॉट काढून ठेवा. बोलून चीनमध्ये आपलं निम्मं काम होतं, कारण सूर चुकला की शब्दच बदलतो, दाखवून पूर्ण होतं.

आता तिकीट. रेल्वेचं सरकारी ॲप आहे १२३०६ नावाचं, इंग्रजीतनं चालतं, बाहेरच्या कुठल्या एजंटची गरज नाही. पण परदेशी माणसाचं पासपोर्ट व्हेरिफिकेशन व्हायला वेळ जाऊ शकतो म्हणून शुक्रवारी रात्री खातं उघडायला बसू नका, आठवडाभर आधीच करून ठेवा. आणि आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा जो लांबलचक प्रकार असतो तो पासपोर्टवर जसा छापलाय अगदी तसाच टाका, एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर स्टेशनवर तुम्हीच अडकाल. साधारण १५ दिवस आधी बुकिंग उघडतं. बीजिंग वेस्ट स्टेशन ते शिजियाझुआंग, जी नंबरची गाडी म्हणजे बुलेट ट्रेन, सेकंड क्लास. मला एका बाजूचे १३० युआनच्या आसपास पडले. सीट निवडताना ए किंवा एफ घ्या, खिडकी मिळते, बी घेतली की तिघांच्या मधे. परतीचं तिकीट पण तेव्हाच काढायचं, हे मी मुद्दाम सांगते कारण एकटं फिरताना संध्याकाळी थकून तिकिटासाठी मोबाइलशी झटापट करणं नको वाटतं. मी सकाळी आठच्या सुमाराची जायची आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराची यायची घेतली.

कधी जायचं, तर एप्रिलचा मधला काळ किंवा ऑक्टोबरचा शेवट. १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा आणि मे महिन्याची सुट्टी पूर्ण टाळा, अख्खा चीन तेव्हा गाडीत असतो. एप्रिलच्या ४-५ तारखेला छिंगमिंग असतो, त्यांचा पितरांचा सण, लोक कबरी झाडून फुलं वाहतात, आपल्या पितृपंधरवड्याच्या जवळ जाणारं. त्या दिवशी अशा जागी खूप गर्दी. मी त्यानंतरच्या शनिवारी गेले आणि गाडीच्या खिडकीतून सगळा हेबेई हिरवा गव्हाचा. सपाट, लांबच लांब, मधेच पॉपलरच्या झाडांची रांग. आपल्याकडं मोहोळच्या पुढं ज्वारी उभी असताना जसं दिसतं तसं, फक्त पीक वेगळं. तो सव्वा तास झोपून घालवू नका.

फोनचं आधी नीट करा, कारण चीनमध्ये फोन बंद म्हणजे पाकीट हरवलं. गूगल मॅप, व्हॉट्सॲप, जीमेल काही चालत नाही साध्या चिनी सिमवर, हे आलेल्यांना माहीतच आहे. भारतात वीचॅट, म्हणजे चिनी लोकांचं व्हॉट्सॲप, बंद केलंय २०२० पासून, म्हणजे आईबाबांकडं ते नाही आणि तुमच्याकडं व्हॉट्सॲप नाही, अशी गोची होते. त्या एका दिवसापुरतं भारतातल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक मारा, रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमार्फत जातो म्हणून सगळं चालतं. आणि चिनी नकाशाचं ॲप ठेवा, मेट्रोचं कुठलं गेट कुठं उघडतं हे तेच बरोबर सांगतं. पैशासाठी अलीपे किंवा वीचॅट पे. चिनी बँकेत खातं झालेलं असेल तर प्रश्नच नाही, नवीन असाल तर आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, फक्त बँकेत इंटरनॅशनल वापर चालू करून घेतलेला पाहिजे आणि २०० युआनच्या वरच्या पेमेंटवर ३ टक्के जातात, म्हणून मोठं बिल असेल तर बघून करा. तरी शंभर-दोनशे युआन रोख बॅगेत ठेवा. पॉवर बँक विसरू नका, तिची केबल पण. मी केबल विसरून एकदा दुपारी तीन वाजता ४ टक्क्यांवर आले होते, अनोळखी गावात तो आकडा बघून पोटात गोळा येतो.

बॅगेत अजून काय. ओरिजिनल पासपोर्ट, झेरॉक्स चालत नाही, कारण तिकीट म्हणजेच पासपोर्ट, कागदाचं तिकीट कुणी बघत नाही. टिश्यू पेपर, कारण सार्वजनिक संडासात बऱ्याचदा नसतो. हलकं जॅकेट. चाकू, कात्री, डिओचा मोठा स्प्रे ठेवू नका, स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते आणि काढून घेतात. आणि खाणं.

खाण्यावर थोडं जास्त लिहिते कारण माझ्यासारख्या शाकाहारी लोकांचा अर्धा दिवस यातच जातो. चीनमध्ये भाजीच्या डिशमध्ये पण वरून डुकराच्या मांसाचा खिमा भुरभुरलेला असू शकतो, "मांस नको" म्हटलं तरी त्यांच्या हिशोबात तो खिमा मांस नसतो, चवीसाठी असतो. त्यात चिडण्यासारखं काही नाही, फक्त आपण तयार पाहिजे. इथल्या ट्रेनच्या प्रत्येक डब्याजवळ उकळत्या पाण्याचा नळ असतो, स्टेशनवर पण असतो, ही सगळ्यात मोठी सोय. घरनं येताना पाकिटातला उपमा आणि पोहे आणलेत ना, ते एका झाकणाच्या डब्यात घ्यायचं, नळाचं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, झालं. सोबत शेंगाचटणी. आणि कडक भाकरी असेल तर बघायलाच नको, ती महिना दोन महिने टिकते म्हणून तर आपली माणसं पूर्वीपासून प्रवासाला नेत आलीत. मी गाडीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि थोडं दही घेतलं होतं, शेजारच्या मावशींनी भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून वळून बघितलं, मी तुकडा दिला, त्यांनी खाल्ला आणि मला एक संत्रं दिलं. भाषा एका शब्दाची नाही.

निघायच्या आदल्या रात्री आईचा प्रश्न, "एकटीच जाऊलालीस का गं?" तर मुलींसाठी वेगळं सांगते. मला चीनमध्ये दिवसा, ट्रेनमध्ये, मेट्रोत कधी भीती वाटली नाही, तरी काही गोष्टी मी पाळतेच. ट्रेनचा नंबर आणि सीट घरी पाठवायची. ऑफिसमधल्या एका चिनी मैत्रिणीला संध्याकाळी किती वाजता पोचणार ते सांगून ठेवायचं, कारण काही झालं तर फोनवर चिनीत बोलणारं कुणीतरी पाहिजे. ११० पोलीस, १२० ॲम्ब्युलन्स. स्टेशनबाहेर येऊन "टॅक्सी, टॅक्सी" करणाऱ्या माणसांकडं बघायचंच नाही, सरळ मेट्रो. लोक फोटो काढायला येतात, सेल्फी मागतात, बहुतेक वेळा नुसतं कौतुक असतं, पण नको वाटलं तर हात हलवून नाही म्हणायचं, त्यात उद्धटपणा नाही. आणि वेळेचा फरक अडीच तासांचा आहे, तिकडं अकरा वाजले की सोलापुरात साडेआठ, त्या हिशोबानं फोन करायचा.

बीजिंग वेस्ट स्टेशन अवाढव्य आहे, मेट्रोची लाइन ७ आणि ९ तिथंच खाली येते. एक तास आधी पोचा, कमी नको. आधी सुरक्षा, मग पासपोर्ट. चिनी लोक आपलं ओळखपत्र मशीनवर टेकवून भराभर जातात, आपला पासपोर्ट कधी मशीन घेतं कधी नाही, म्हणून जिथं माणूस उभा आहे ती कडेची लाइन धरा. मग मोठ्या बोर्डावर आपल्या गाडीचं गेट बघायचं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं आणि मग कितीही पळालात तरी उघडत नाही, आपल्याकडं चालत्या गाडीत चढणारी आपण माणसं, ही सवय इथं सोडायची.

शिजियाझुआंगचा उच्चार श्र-ज्या-च्वांग असा काहीतरी आहे. स्टेशनवर उतरल्यावर मेट्रोची लाइन ३ घ्या, शिनबाय क्वांगछांगला उतरा, तिथं लाइन १ मध्ये बदला आणि पश्चिमेकडं फक्त एक स्टेशन, नाव लिएश लिंगयुआन, अर्थच हुतात्म्यांचं स्मारक-उद्यान. म्हणजे पत्ता शोधायची गरजच नाही, स्टेशनचं नावच तेच आहे. तिकीट मशीनवर इंग्रजीचं बटण असतं, दोन-तीन युआन लागतात.

फुलं घ्या. इथं श्रद्धांजलीला शेवंती वाहतात, पांढरी किंवा पिवळी. आपण शेवंती गणपतीला, सिद्धेश्वराला वाहतो आणि हे समाधीला, पण फूल तेच, त्यामुळं हातात घेताना परकं वाटत नाही. मी बीजिंगहूनच पिवळी शेवंती कागदात गुंडाळून आणली होती, ट्रेनमध्ये मांडीवर ठेवून. तिकडं गेल्यावर फुलवाला शोधत हिंडण्यापेक्षा हे बरं. लाल गुलाब वगैरे नको.

पार्कमध्ये जायला तिकीट नाही. झाडं खूप आहेत, रुंद रस्ते, शांतता, सकाळी म्हातारी माणसं फिरायला येतात. हे उद्यान त्यांच्या युद्धातल्या शहीद सैनिकांचं आहे, त्यात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून आणि आपले कोटणीस या दोघा परदेशी डॉक्टरांच्या समाध्या आणि पुतळे आहेत. कोटणीसांना आधी थांग जिल्ह्यातल्या एका खेड्यात पुरलं होतं, ते जिथं काम करत होते तिथंच, नंतर १९५० च्या दशकात इथं आणलं. गेटवरच्या काकांना मी स्क्रीनशॉट दाखवला, ते माझ्याकडं बघून "यिन्तू?" म्हणाले, म्हणजे इंडिया. मी पासपोर्ट काढला, त्यावर जन्मस्थळ सोलापूर लिहिलेलं असतं ना, त्याच्यावर बोट ठेवलं आणि मग स्क्रीनशॉटमधल्या नावावर बोट ठेवलं. त्यांना दोन मिनिटं लागली कळायला. कळल्यावर ते खुर्चीतून उठले आणि मला समाधीपर्यंत चालत सोडायला आले. मी शहाणपणानं सांगत नाही, पण हा पासपोर्टाचा उपाय जन्म सोलापूरचा असलेल्या प्रत्येकानं करावा, कुठल्याही भाषेपेक्षा लवकर पोचतो.

समाधीपाशी घाई करू नका, यासाठीच आलोय आपण. मी फुलं ठेवली, चप्पल काढून नमस्कार केला, कुणी काही म्हणालं नाही. मग बाकावर बसून घरी व्हिडिओ कॉल केला. बाबा एरवी फोनवर "हां, बरं" एवढंच बोलणारे, त्यांनी कॅमेरा समाधीवर स्थिर धरायला लावला आणि बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "एवढ्या लांब." तेवढंच. मी सव्वा तासात आले होते बीजिंगहून, पण ते सोलापूरपासूनचं मोजत होते आणि १९३८ सालचं मोजत होते, बोटीनं, मग ट्रकनं, मग पायी डोंगरातून. माझ्या मनात तोपर्यंत तो हिशोब आलाच नव्हता. आपल्याकडं चार हुतात्मा चौकातून जाताना आपण हॉर्न वाजवत जातो, आणि इथं मी परक्यांच्या हुतात्मा पार्कमध्ये एका सोलापूरकरापुढं बसले होते. मी दीड तास तिथं होते, ठरवलं होतं अर्धा. उद्यानात बेथ्यून यांची समाधी पण बघा, कारण कोटणीसांची आणि त्यांच्या बायकोची पहिली भेट बेथ्यून यांच्याच समाधीच्या कार्यक्रमात झाली होती असं सांगतात, ती समाधी अर्थात तेव्हा खेड्यात होती. दोघांच्या कामाबद्दलची दालनं आहेत, भाषांतराचं ॲप कॅमेऱ्यात धरून वाचता येतं, त्यासाठी चिनी भाषेची फाइल आधी ऑफलाइन उतरवून ठेवा.

लाइन १ वर पुढचंच स्टेशन हपिंग यियुआन, पीस हॉस्पिटल. हेच ते, कोटणीस डायरेक्टर होते ते हॉस्पिटल, खेड्यातून निघून आता या शहरात मोठं झालेलं. आत जायचं काही कारण नाही, आजारी माणसांची जागा आहे ती, मी फक्त एक स्टेशन पुढं जाऊन वर येऊन पाटी बघितली आणि परत खाली उतरले. दहा मिनिटांचं काम. पण मला ते करावंसं वाटलं.

दुपारी जेवण करून त्याच लाइन १ नं उलट्या दिशेनं बोवूयुआन स्टेशनला जा, हेबेई म्युझियम. फुकट आहे, सोमवारी बंद, पासपोर्ट लागतो. इथं सगळं बघायला गेलात तर पाय जातील, दोनच गोष्टी शोधा. १९६८ मध्ये मानछंगला सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांमधले जेड दगडाचे पोशाख, हजारो चौकोनी तुकडे सोन्याच्या तारेनं शिवलेले, राजाराणीला मेल्यावर घालायचे. शिवणकाम, विणकाम ज्या गावात घराघरात बघितलंय त्या गावातला माणूस त्या तारेच्या टाक्यापुढं उभा राहतोच. आणि दुसरी त्याच थडग्यांमधली दिव्याची दासी, काशाची, सोन्याचा मुलामा दिलेली, गुडघ्यावर बसून हातात दिवा धरलेली. तिच्या बाहीतून दिव्याचा धूर आत ओढला जाऊन पोकळ अंगात साठतो, खोलीत काजळी पसरत नाही. चिमणीचं काम बाहीकडून करून घेतलंय. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

चारपर्यंत बाहेर पडा. शेवटचा दीड तास मोकळाच ठेवायचा, चहाला, चुकलेल्या मेट्रोला, नुसतं बसायला. एकटं फिरताना हा मोकळा वेळ असला की दिवसभर छातीवर दडपण राहत नाही.

माझा खर्च सांगते: गाडी जाऊन येऊन २६० च्या आसपास, दोन्हीकडची मेट्रो धरून २०, फुलं ३५, दुपारचं टोमॅटो-अंड्याचे नूडल्स आणि चहा ३०, अंडं खात नसाल तर नुसता भात आणि परतलेली पालेभाजी, पण तेल वनस्पतीचं का विचारा. साडेतीनशे युआन म्हणजे साधारण चार हजार रुपये.

जवळच झेंगडिंग म्हणून जुनं गाव आहे, तिथल्या लुंगशिंग मंदिरात दहाव्या शतकातली वीस मीटरच्या वर उंच काशाची मूर्ती आहे. लोक म्हणतात त्याच दिवशी होतं. होत असेल, पण मी मुद्दाम ठेवलंय, ऑक्टोबरची गर्दी ओसरली की एक शनिवार फक्त त्याच्यासाठी जाणार.